खेळाडूंचा गणवेश : एक चिन्हव्यवस्था

भाषा ही चिन्हांची व्यवस्था होय, आणि प्रत्येक चिन्हास मूल्य प्राप्त होते ते इतर चिन्हांशी असलेल्या त्याच्या भेदामुळे, हा सोस्यूरचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. हा विचार शब्दांच्या सीमेपलीकडे कितपत लागू पडतो, हे पाहण्यासाठी महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाच्या गणवेशाचे उदाहरण प्रस्तुत लेखात घेतले आहे. यवतमाळच्या महाविद्यालयांत हा वेष नित्य दृष्टीस पडतो. त्यामागील व्यवस्थेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

प्रथम प्रश्न असा की, खेळाडूंना गणवेशाची गरजच का पडावी? वऱ्हाडातील व्यायामशाळांची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. या परंपरेतील मल्लखांबपटू लंगोट लावून उतरे. तो एकटाच असल्याने त्याला ओळखचिन्हाचे प्रयोजन नव्हते. हुतूतूत दोन संघ असतात, परंतु मधली रेषा त्यांना वेगळे ठेवते. खो-खोत बसलेला कोण आणि पळणारा कोण, हे कृतीवरूनच कळते. बास्केटबॉलमध्ये मात्र २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद मैदानावर दहा खेळाडू एकमेकांत मिसळून धावतात. तेथे रेषा भेद दाखवू शकत नाही. तो वेषानेच दाखवावा लागतो. म्हणजे गणवेशाचा उगम हौसेत नसून खेळाच्या रचनेत आहे.

हा खेळ जेम्स नेस्मिथ याने अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये निर्माण केला. पहिल्या सामन्यात प्रत्येक बाजूस नऊ विद्यार्थी होते. पुढे खेळाचे नियम जसजसे निश्चित झाले, तसतशी वेषाचीही एक शिस्त ठरत गेली. आज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, कार्यक्रमपत्रिकेत ज्या संघाचे नाव प्रथम असते त्याने फिकट, शक्यतो पांढरा, आणि दुसऱ्याने गडद वेष घालावयाचा असतो. येथे विशिष्ट रंगाला महत्त्व नाही, महत्त्व आहे ते फिकट-गडद या विरोधाला. एकच संघ आज पांढऱ्या व उद्या निळ्या वेषात उतरतो, तरी व्यवस्था बिघडत नाही. ‘क’ आणि ‘ग’ यांतील घोषत्वाचा भेद ज्या न्यायाने ‘काय’ आणि ‘गाय’ वेगळे करतो, तोच न्याय येथेही दिसून येतो.

रंग संघ सांगतो, तर क्रमांक व्यक्ती सांगतो. एकाचे कार्य सामान्यनामाचे, दुसऱ्याचे विशेषनामाचे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१४ पर्यंत ४ ते १५ हेच क्रमांक रूढ होते. याचे कारण असे की, पंच बोटांच्या खुणांनी बोलतो, आणि एक, दोन व तीन बोटे गुण आदी गोष्टी दर्शविण्यास लागत. तीच खूण खेळाडूच्या क्रमांकासाठी वापरली असती तर एका चिन्हाला दोन अर्थ आले असते. अनेकार्थतेचा हा दोष क्रमांक वगळून टाळण्यात आला. अमेरिकेतील महाविद्यालयांनी दुसरी वाट काढली. एका हाताच्या बोटांनी प्रत्येक अंक दाखविता यावा म्हणून तेथे २०२३ पर्यंत ० ते ५ हेच अंक वापरीत. २५ क्रमांक चाले, २६ चालत नसे. दोन्ही ठिकाणी हे निर्बंध आता शिथिल झाले आहेत.

वेषवाचक शब्दांचा इतिहासही उद्बोधक आहे. इंग्लिश खाडीत गर्न्सी व जर्सी ही दोन शेजारची बेटे विणलेल्या लोकरी वस्त्रांसाठी प्रसिद्ध होती. पहिल्या बेटाच्या नावावरून आपला ‘गंजीफ्रॉक’ आला, दुसऱ्यावरून ‘जर्सी’. ‘बनियन’ शब्दाचा प्रवास याहून लांबचा. संस्कृत ‘वणिज्’वरून गुजरातीत ‘वाणियो’ झाला. युरोपीय व्यापाऱ्यांनी तो शब्द उचलला. पुढे इंग्रजीत तो भारतीय वाण्यांसारख्या सैल अंगरख्यास लावला गेला, आणि अखेर आतल्या सदऱ्याचे नाव होऊन आपल्याकडे परतला. शब्द टिकतो, वस्तू पालटते, हेही येथे दिसते. लोकरीची जर्सी आज बहुधा पॉलिएस्टरची असते. कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के आर्द्रता धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे ते लवकर वाळते. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यातील खेळाडूच्या अंगावरही म्हणूनच कापूस उरलेला नाही.

आपल्याकडील महाविद्यालयीन परिभाषेतील सर्वांत अर्थपूर्ण शब्द मात्र ‘कलर’ हा होय. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवडल्या गेलेल्या खेळाडूस ‘कलर होल्डर’ म्हणतात, आणि त्याला मिळणाऱ्या मानाच्या कोटास ‘कलर कोट’. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्यातील नौकास्पर्धा १८२९ साली सुरू झाली. तेथील गडद व फिकट निळ्या रंगांवरून ‘ब्लू’ हा शब्दच खेळाडूचा सन्मान ठरला. इंग्रजी शिक्षणसंस्थांतील हाच लक्षणाव्यापार आपल्या विद्यापीठांतही रुजला. ‘त्याला कलर मिळाला’ या वाक्यात रंगाचा मूळ अर्थ जवळजवळ लोपला असून प्रतिष्ठेचा अर्थ उरला आहे.

या विवेचनाचे फलित व्यवहारातही उपयोगी आहे. ‘युनिफॉर्म’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘एकरूप’ असा आहे, तर ‘गणवेश’ म्हणजे गणाचा वेष. एकरूपता आणि गणात सामावून घेणे या गोष्टी एक नव्हेत. जुलै २०१४ मध्ये चीनमधील वूहान येथे आशिया चषकाच्या वेळी अमृतपालसिंग व अमज्योतसिंग या भारतीय खेळाडूंना पगडी उतरविण्यास सांगण्यात आले. शिरोवेष्टनाविषयीचा हा नियम मे २०१७ मध्ये बदलला व बदल त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून अमलात आला. वस्तुतः पगडीने संघ ओळखण्यात बाध येत नव्हता, क्रमांकही झाकला जात नव्हता. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते भेदक लक्षण नव्हते.

हीच कसोटी आपल्या महाविद्यालयांतील मुलींच्या संघास लावून पाहावी. अमेरिकेतील स्मिथ महाविद्यालयात मार्च १८९३ मध्ये झालेल्या मुलींच्या सामन्यास पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. वेषाविषयीचा संकोच या खेळाइतकाच जुना आहे. एखाद्या विद्यार्थिनीस आखूड चड्डी घालणे अवघड वाटत असेल आणि ती संघाच्या रंगाची लांब विजार घालू इच्छीत असेल, तर तिचा संघ कळतो, क्रमांक कळतो, खेळास अडथळा येत नाही. तेवढ्याच कारणाने तिला मैदानाबाहेर ठेवणे हे व्यवस्थेचे रक्षण नव्हे. जे भेद अर्थ वाहतात तेवढेच नियमाने बांधावेत; उरलेले वापरणाऱ्याच्या इच्छेवर सोडावेत. भाषा हेच करीत आली आहे, आणि गणवेशानेही तेच करणे उचित होय.