संशोधनाचा आराखडा कसा निवडावा?

वैद्यमित्रहो, चिकित्सेपूर्वी व चिकित्सेनंतर संधिशूल मोजून औषधास यश आले असे म्हणणे पुरेसे नाही. आमवातातील वेदना स्वभावतःच कमी-अधिक होतात आणि रुग्ण बहुधा त्या तीव्र असतानाच येतो. मिळालेला उतार औषधाचा की व्याधीच्या गतीचा, हे तुलनागटाविना कळत नाही.

'प्रकृतीनुसार औषध भिन्न, मग तुलना कशी?' हा आक्षेप नेहमीचा आहे. कोइम्बतूर येथील, २०११ मध्ये प्रकाशित अभ्यासात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे ४३ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट व उभय चिकित्सा अशा तीन गटांत विभागले होते; आयुर्वेदीय औषधयोजना रुग्णपरत्वेच होती. गट ओळखू येऊ नये म्हणून प्लॅसिबोचीही योजना होती.

क्वचित आढळणाऱ्या अपायाचे कारण शोधताना मात्र रुग्ण-नियंत्रण अभ्यास घ्यावा. प्रथम प्रश्न निश्चित करावा, मग आराखडा.