आधी नकाशा, मग शहर!

दोस्तांनो, चित्रकलेच्या वहीत तुम्ही कधी गाव काढलंय? इथे शाळा, तिथे मैदान, मधून झुकझुक गाडी... समजा, ते चित्र कुणी खरंच बांधायला घेतलं तर? आपल्या महाराष्ट्रात असं घडलंय बरं का! त्या शहराचं नाव नवी मुंबई.

मुंबईच्या तीन बाजूंना पाणी. वाढायचं तर उत्तरेकडेच. कचेऱ्या मात्र दक्षिण टोकाला! सकाळी सगळी गर्दी एकाच दिशेला धावायची. घरं महागली, झोपड्या वाढल्या. तेव्हा, १९६५ साली, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार व इंजिनिअर शिरीष पटेल यांनी सुचवलं, 'उत्तरेला कशाला? खाडीपलीकडे, पूर्वेला नवं शहर वसवू या.' सरकारला ते पटलं. मार्च १९७० मध्ये 'सिडको' हे महामंडळ स्थापन झालं. नकाशात ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावं आली.

एकच मोठं शहर न करता वाशी, नेरूळ, बेलापूर अशी छोटी छोटी उपनगरं आखली. रेल्वेचा दोरा आणि त्यात ओवलेले मणीच जणू! प्रत्येकात शाळा, दुकानं, बागा. मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजारही वाशीला आणला. पण लोक लगेच येईनात. १९९२ साली लोकल खाडी ओलांडून वाशीला पोहोचली, आणि मग वस्ती भराभर वाढली.

तुम्ही म्हणाल, एवढे पैसे आणले कुठून? दुकानं-कचेऱ्यांसाठीचे भूखंड चढ्या भावाने विकायचे आणि त्या पैशातून रस्ते, नळ, गटारं आणि कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरं बांधायची, अशी युक्ती होती. बेलापूरला कोरियांनी तर वाढणारी घरं आखली! शेजाऱ्याच्या आणि आपल्या घरात सामाईक भिंत नाही. पैसे साठले, की बांधा आणखी एक खोली!

पण थांबा. नकाशाचा कागद कोरा असतो, जमीन नसते. तिथे आगरी-कोळी लोकांची भातशेती होती, मिठागरं होती. शहरासाठी ती गेली. मोबदला फारच कमी, म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच आंदोलकांचे प्राण गेले. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे काय? समजा, एखाद्याची १०० गुंठे जमीन घेतली, तर रस्ता-पाणी आलेला साडेबारा गुंठ्यांचा भूखंड त्याच्या वाट्याला. त्यातूनही काही भाग सार्वजनिक सोयींसाठी वजा होतो.

म्हणून शहर आखताना दोन प्रश्न विचारायला हवेत. येणारे कुठे राहणार? आणि आधीपासून राहणाऱ्यांचं काय?

तुमच्या शहराचाही असाच विकास आराखडा असतो. त्याचा मसुदा जाहीर झाला, की नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. आई-बाबांबरोबर तो जरूर पाहा. तुमच्या घराजवळ खेळाचं मैदान दाखवलंय का? आणि प्रत्यक्षात ते तिथे आहे का? शोधा पाहू!