दाभोसा नेमका दिसतो कुठून?

धबधब्याची एक गंमत आहे. जिथून पाणी कोसळतं, तिथून तो दिसतच नाही. जव्हारपासून सुमारे २० किलोमीटरवरच्या दाभोसा गावाजवळ लेंडी नदी काळ्या कातळावरून येते आणि पुढच्या क्षणी नाहीशी होते. उरतो तो फक्त खालून येणारा घुमणारा आवाज. सुमारे ३०० फूट खाली काय चाललंय ते बघायला माणूस आपसूक एक पाऊल पुढे टाकतो, मान वाकवतो, हातातला मोबाइल लांब धरतो. पायाखाली शेवाळ आणि त्यावर झिजलेल्या तळव्याची प्लास्टिकची चप्पल. याला आपण ‘सेल्फीचं वेड’ म्हणून मोकळे होतो. पण वेड थोडं बाजूला ठेवून पाहिलं तर दोष बराचसा जागेचा निघतो. धबधबा नीट दिसेल असं ठिकाण पाहुण्याला कुणी दाखवलेलंच नसतं, म्हणून तो कडेला जातो. पालघर जिल्ह्यातल्या धबधब्यांना पाट्यांपेक्षा आधी थांबे हवेत, आणि तेही पाण्यापासून लांब.

लांब का, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. ३०० फूट म्हणजे साधारण ९० मीटर. एवढा कडा मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात, फोन उभा धरूनही, माथ्यापासून डोहापर्यंत मावायचा तर निदान ७०-८० मीटर मागे जावं लागतं. त्याहून जवळ गेलं की एक तर वरचं टोक कापलं जातं, नाहीतर डोह. शिवाय तुषारांनी भिंग धुरकट होतं ते वेगळंच. म्हणजे चांगला फोटो आणि सुरक्षित जागा यांत भांडण नाहीच. दोन्ही समोरच्या किंवा बाजूच्या काठावरच सापडतात. हे ज्ञान काही नवं नाही. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला पोहोचले आणि पुढे तिथे जागोजागी ‘पॉइंट’ ठरले. दरी कुठून बघायची हे ठरवून देणं हीच त्यामागची युक्ती. जव्हारमध्येही ती रुजलेली आहे. हनुमान पॉइंटवरून खोल दरी एका नजरेत येते. सनसेट पॉइंटच्या दरीचा आकार धनुष्यासारखा, म्हणून त्या जागेला पूर्वी धनुकमळ म्हणत. शिरपामाळावर तर दृश्याला गोष्टीचीही जोड आहे: १६६४ साली सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज इथे थांबले, राजा विक्रमशहांनी त्यांच्या शिरपेचात तुरा खोवला, असं जव्हारकर सांगतात. गावाला हे सुचलं, धबधब्यांपाशी मात्र राहून गेलं.

थांब्यांची ही उणीव जव्हारच्या वाटेवरही आहे. बोईसर-तारापूरहून निघणारा माणूस चिल्हारमार्गे महामार्गाला लागतो आणि मनोर, विक्रमगड करत जव्हारला पोहोचतो. पालघरहून मनोरकडे येणाऱ्याला वाघोबा खिंड लागते. तिथे वाघोबाचं देऊळ आहे आणि पावसाळ्यात रस्त्यालगतच पाणी कोसळतं. गाड्या वळणावरच थांबतात, कारण दुसरीकडे थांबायचं कुठे? इथे धोका पाण्याइतकाच मागून येणाऱ्या ट्रकचा.

धबधब्यांवरच्या अपघातांना प्रशासनाचं ठरलेलं उत्तर म्हणजे बंदी. मुसळधार पावसाच्या दिवसांत ती हवीच. डोंगरात वर पाऊस पडला की खालच्या ओढ्याला कळायच्या आत लोंढा येतो. पण पूर्ण मोसमासाठी बंदी हा उपाय किती चालतो? जुलै २०२० मध्ये टाळेबंदीचे निर्बंध होते, तरी जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यावर पाच तरुण बुडाले. ते कुणी लांबचे हौशी पर्यटक नव्हते, जव्हारचेच होते. मे २०२४ मध्ये दाभोसाच्या डोहात उंचावरून उडी मारलेला एक तरुण गेला, तेव्हा तर पावसाळाही सुरू झालेला नव्हता. उडीच मारायची ठरवून आलेल्याला थांबा अडवणार नाही, हे मान्य. त्याच्यासाठी डोहाशी माणूसच उभा हवा, आणि तो पाड्यातला पोहणारा असेल तर उत्तम. पण बाकीची गर्दी फक्त बघायला आलेली असते. बंदी आली की तीच गर्दी राखण नसलेल्या आडवाटेच्या ओढ्याकडे वळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: थांबे केले की गर्दी वाढेल, बाटल्या साचतील आणि पाड्यांची शांतता जाईल. गर्दी वाढेलही. पण आज ती विखुरलेली आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं नाही. आवणात रोपं उभी असताना बांधावर चढवलेली एक मोटार शेतकऱ्याची लावणीच आखूड करते. थांबा ठरला तर गाडी कुठे लावायची तेही ठरतं. मग तिथे ग्रामपंचायतीला पावती फाडता येते आणि भाजलेली कणसं विकणाऱ्या बाईला रोजची जागा मिळते. मात्र सिमेंटचा चौथरा, ‘आय लव्ह’ची रंगीत अक्षरं आणि प्लास्टिकचं हरीण एवढ्यालाच विकास म्हणायचं असेल, तर आक्षेप घेणारेच बरोबर. जांभ्याचं किंवा इथल्याच काळ्या दगडाचं गुडघ्याएवढं जोतं, त्यावर मजबूत कठडा, एवढं पुरे.

जुलैत दाभोसापाशी उभं राहिलं तर पुष्कळदा समोर नुसतं पांढरं धुकं असतं, आणि त्यापायीच माणसं आणखी जवळ जातात. सप्टेंबर सरता सरता धुकं उतरतं, धार अजून भरलेली असते, कातळही वाळू लागतो. पायथ्याच्या खाचरांत तोवर भात पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि समोरच्या काठावरून काढलेल्या फोटोत तेही येतं.