तीस सेकंदांतलं सरकार

बीडच्या एखाद्या घरात टीव्ही चालू आहे, मालिकेच्या मध्येच राज्य सरकारची जाहिरात लागते. शेवटी कोपऱ्यात एक गोल मुद्रा उमटते, पण तोवर आपण रिमोट शोधायला लागलेलो असतो. ती मुद्रा एकदा मोठी करून पाहा. मधोमध समई आहे, आणि भोवती शिवरायांच्या राजमुद्रेच्या वळणावर बेतलेलं संस्कृत वचन. सतराव्या शतकातली शब्दकळा नखाएवढ्या जागेत!

जाहिरात केंद्राची असेल तर तिथे सिंह येतात. आहेत चार, दिसतात तीन. खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’ नसेल तर ते राजचिन्ह अपुरं. त्याचा गैरवापर केला तर २००५ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चेहऱ्यांचं प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर १३ मे २०१५ रोजी न्यायालयानं बजावलं की सरकारी जाहिरातीत फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचे. राज्यांना ते कसं रुचणार? फेरविचार झाला आणि १८ मार्च २०१६ रोजी राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्र्यांनाही वाट मोकळी झाली. पक्षाचं चिन्ह आणि झेंडा मात्र बाहेरच राहिले.

बोलतंय कोण, याची एवढी काळजी. ऐकतंय कोण, याची?

बीडला हा प्रश्न जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. म्हणूनच २०१५ साली ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही योजना सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीडचं नाव होतं. पुढे नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हिना गावित यांच्या समितीनं संसदेत हिशेब मांडला: या योजनेच्या २०१६ ते २०१९ मधल्या ४४६.७२ कोटींपैकी ७८.९१ टक्के रक्कम प्रसिद्धीवर गेली. आता एवढ्या प्रसिद्धीतलं ज्याला ऐकू येत नाही किंवा दिसत नाही त्याच्यापर्यंत किती पोचलं, हे विचारायलाच हवं.

कायदा तर आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ४२: कॅप्शन्स (पडद्यावर लिहून येणारं बोलणं), सांकेतिक भाषा आणि दृश्याचं बोलून वर्णन. तरीही सुगम्यतेचे निकष बरीच वर्षं सल्ल्यासारखेच राहिले. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सक्तीचे नियम करायला सांगितलं.

वर्णन कशाला, असं वाटेल. मग डोळे मिटून बालविवाहाविरुद्धची एखादी जाहिरात ऐका. निवेदक म्हणतो, ‘खाली दिलेल्या क्रमांकावर संपर्क साधा,’ आणि पुढे नुसतं संगीत. १०९८ हे चार आकडे पडद्यावर आहेत, कानावर नाहीत! कॅप्शन्सचा फायदा तर ऐकणाऱ्यांनाही आहे. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगाराच्या कोपीत लेकरू नुकतंच झोपलंय आणि आई आवाज बंद करून मोबाइल बघतेय, तिलाही त्या लागतात.

काही निकषांमागचं कारण तर थक्क करतं. पडदा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये, असा वेबवरच्या चित्रफितींसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात एका कार्टूनमधला लाल-निळा लखलखाट पाहून शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

मला सर्वांत नवल वाटतं ते सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या छोट्या चौकटीचं. पुष्कळांना वाटतं तिथे फक्त हात बोलतात. पण भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ‘कुठे’, ‘कोण’ असे प्रश्नशब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतात, आणि बरंचसं व्याकरण चेहऱ्यावर चालतं. ‘मुलगी शाळेत जाते’ आणि ‘मुलगी शाळेत जाते का?’ यांत हातांच्या खुणा त्याच राहू शकतात. भुवया उंचावल्या, मान किंचित पुढे झुकली, की झाला प्रश्न. आता ती चौकट तिकिटाएवढी करून कोपऱ्यात ढकलली तर हात कसेबसे दिसतील, भुवया दिसणार नाहीत, आणि सरकार विचारतंय की सांगतंय हे बघणाऱ्याला कळणारच नाही.