अँप विकायच्या आधी डावी-उजवी पिन बदलून बघा

गाडीच्या साउंडचं दुकान टाकायचं म्हणणारे मला विचारतात, माल कुठून भरायचा, मार्जिन किती सुटतं. पण दुकान उघडलं की पहिल्याच महिन्यात गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि म्हणतं, "दादा, डावीकडचा आवाज कमी येतोय." आज त्याबद्दलच बोलू.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी स्टँडवरचे एक टुरिस्ट गाडीवाले काका हीच तक्रार घेऊन आले. मी दोन मिनिटं ऐकलं, "काका, अँपचा चॅनल गेलाय" म्हणालो आणि नवीन फोर-चॅनल अँप बसवला. ६,५०० रुपये बिल. जुना अँप एक्सचेंजमध्ये घेतला आणि विकूनही टाकला. नव्या अँपची टेस्ट? गाणं मोठ्याने लावलं, झालं! चार दिवसांनी काका परत. तीच डावी बाजू, तोच दबलेला आवाज. गाडीत कंपनीचा स्टीरिओ होता, त्याला मागे आरसीए आउटपुट नसल्यामुळे आधीच्या फिटरने हाय-टू-लो कन्व्हर्टर लावलेला. त्यावर डाव्या-उजव्याचे दोन छोटे स्क्रू असतात. डावा स्क्रू कमी करून ठेवलेला होता. स्क्रूड्रायव्हरचा अर्धा फेरा, एवढंच काम.

"अरे पोरा, मग माझा जुना अँप कुठाय?" काकांनी विचारलं. मी काय सांगणार? पैसे परत दिले, नवा अँप त्यांच्याच गाडीत राहिला. पैशांचं दुःख महिन्याभरात गेलं, पण त्या स्टँडवरची एकही गाडी वर्षभर माझ्या दारात आली नाही.

तर आता मी काय करतो ते बघा. स्टीरिओचा बॅलन्स आणि फेडर मधोमध आणायचा. काही स्टीरिओत ड्रायव्हरच्या सीटप्रमाणे आवाज बदलणारं सेटिंग असतं, ते बंद. आणि ऐकायला जुनं मोनो रेकॉर्डिंगचं गाणं लावा. स्टीरिओ गाण्यात एखादं वाद्य मुळातच एका बाजूला असतं, मग तुम्ही नसलेला फॉल्ट शोधत बसता.

मग सिस्टीम बंद करा आणि अँपच्या इनपुटला लाल-पांढऱ्या आरसीए पिना एकमेकींच्या जागी लावा. चालू करून ऐका. कमी आवाज उजवीकडे गेला? मग फॉल्ट अँपच्या आधी आहे: स्टीरिओ, कन्व्हर्टर किंवा आरसीए केबल. डावीकडेच राहिला? मग अँपपासून पुढे. पिना पूर्ववत लावा, सिस्टीम परत बंद करा आणि अँपच्या आउटपुटला दोन्ही स्पीकरच्या वायरी बदला. प्लस-मायनसची जोडी फोडायची नाही. आता फॉल्ट उजवीकडे गेला तर खरंच अँपचा चॅनल. जागेवर राहिला तर वायर किंवा स्पीकर. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर पिचलेली मला कितीदा तरी सापडली आहे. स्पीकरची एक वायर सोडून मीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ४ च्या मध्ये दाखवतो. डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला की समजा.

पुढे-मागे फरक असेल तर बहुतेक वेळा गेन. फोर-चॅनलमध्ये पुढच्या जोडीला एक नॉब, मागच्या जोडीला दुसरा. पण आधीच्या फिटरने पुढचा डावा स्पीकर एका जोडीवर आणि उजवा दुसऱ्या जोडीवर टाकलेला असेल (असे कलाकार आहेत), तर डाव्या-उजव्यातही गेनचाच घोळ निघतो. गेन कानाने जुळवू नका. स्पीकर सोडा, क्रॉसओव्हर बंद, इक्वलायझर सरळ, १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि मीटरने एसी व्होल्ट मोजा. जास्त फ्रिक्वेन्सीचा टोन नको, स्वस्त मीटर तिथे फसवतात. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॅट, ४ ओहमला साधारण १४ व्होल्ट. त्याच्या वर जायचं नाही.

हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते फुकट करायचं नाही. मी ३०० रुपये चेकिंग चार्ज घेतो, गाडीला हात लावायच्या आधी सांगतो, काम माझ्याकडे केलं तर बिलातून वजा करतो. काही जण तोंड वाकडं करतात, दोन-चार निघूनही जातात. जाऊ द्या. जो थांबतो त्याला सीटवर बसवा आणि पिना बदलताना ऐकू द्या. "अरे, उजवीकडे गेलं की!" हे तो स्वतः म्हणतो, मग केबलच्या पैशांवर घासाघीस होत नाही. काय सापडलं ते जॉब कार्डवर लिहून त्याचा फोटो गिऱ्हाईकाला व्हॉट्सअँप करा. काढलेला माल त्याच्याच डिकीत ठेवा, एक्सचेंज असेल तरी आठ दिवस विकू नका.

आणि कन्व्हर्टरचे स्क्रू जुळवून झाले की त्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका टाका. पुढच्या वेळी ठिपका तुटलेला दिसला, तर स्क्रू कोणीतरी फिरवलाय हे डब्बा उघडताच कळतं.