हवा वगळू नका

पहाटे ५.४५

बसवनगुडी अ‍ॅक्वॅटिक सेंटरच्या तलावात मुलं उतरलेली असतात. नोव्हेंबरातली बंगळूरची पहाट चांगली गार, त्यामुळे काठावर कुणी रेंगाळत नाही. माझी मुलगी सराव गटात आहे. ती पोहते तेव्हा मी तिच्या हातांकडे फारसं बघत नाही, भिंतीकडे बघते. सूर सोडला तर पोहणाऱ्याचा वेग सर्वांत जास्त असतो तो भिंतीला पाय लावून स्वतःला ढकललं की लगेचच. त्यानंतर पाणी तो वेग काढून घ्यायला लागतं. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट, म्हणून काढून घेण्याचा झपाटाही तसाच.

प्रशिक्षक सारखे ओरडत असतात: हात कानामागे, तळव्यावर तळवा, मान खाली. यामागे पूर्ण शास्त्र आहे. डोकं जरा वर आलं की कंबर बुडते, पाय खाली जातात आणि शरीर पाण्याला जास्त आडवं येतं. वरून लाटांचा खर्च वेगळाच. पृष्ठभागावर पोहणारा माणूस आपल्या कष्टातला मोठा वाटा लाटा उठवण्यात घालवतो. अर्धा-पाऊण मीटर खोल गेलं की तो खर्च बराच उतरतो. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कोफ या अमेरिकन पोहणाऱ्याने पाठीवरच्या १०० मीटर शर्यतीत सुरुवातीचं बरंचसं अंतर पाण्याखालूनच कापलं आणि प्राथमिक फेरीत जागतिक विक्रम केला. त्यानंतर नियम आले. आज भिंतीपासून १५ मीटरच्या आत डोकं वर यावं लागतं. २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले ते अंगाला घट्ट बसणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांमुळे, आणि २०१० उजाडताच ते पोशाख बंद झाले. पाण्याचा रोध थोडा कमी झाला तर खेळाची आकडेवारीच उलटीपालटी होते, इतकी त्याची किंमत.

"आई, आज कुठपर्यंत गेले?" मुलगी काठाला धरून विचारते.

"झेंड्यांच्या दोन हात पुढे."

झेंडे भिंतीपासून ५ मीटरवर असतात. गेल्या महिन्यात ती झेंड्यांच्या अलीकडेच वर येत होती. ताकद तेवढीच आहे. मान खाली राहायला लागली आहे.

सकाळी ७.४०

कार्तिकातला शेवटचा सोमवार. कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगदाण्याची जत्रा असल्याने बुल टेंपल रोडवर गाड्या नाहीत. मी स्कूटर गल्ल्यांतून काढते. या वेगाला हवेचा रोध खरोखरच किरकोळ असतो. पेट्रोल खातात ते ब्रेक आणि पुन्हापुन्हा घेतलेला वेग. पण हे मी हिशोब करून म्हणते. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. स्कूटर ४० वरून ६०वर नेली की तो सव्वादोन पट होतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती सव्वातीन पटींच्याही वर जाते. दिवाळीत आम्ही गडहिंग्लजला माझ्या माहेरी गाडीने जातो. संकेश्वरला वळेपर्यंत मोकळा महामार्ग असतो. तिथे ८० ऐवजी १०० धरले तर दर किलोमीटरला नुसत्या हवेवर खर्च होणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त. यजमानांना हे पटलेलं आहे, म्हणून आमची गाडी डाव्या बाजूने चालते.

सकाळी ९.१५

दुसऱ्या वर्षाचा वर्ग, विषय द्रवगतिकी. मी फळ्यावर प्रश्न लिहिते: २ किलोमीटर उंचीवरच्या ढगातून पावसाचा थेंब सुटला; हवेचा रोध नाही असं धरून तो जमिनीवर किती वेगाने आदळेल?

बारावी झालेल्या मुलांना हे अवघड नाही. उत्तर येतं सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. मग मी विचारते, अशा पावसात कोण उभं राहील? वर्ग गप्प होतो. खरा मोठा, ५ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास येतो; रिमझिमीचा बारीक थेंब जेमतेम २ मीटर. हवा त्याला वाटेत इतकं अडवते की थोड्याच अंतरात वजन आणि रोध समान होतात, आणि वेग वाढायचा थांबतो. शेतातलं पीक, पक्ष्यांची पिलं, आपली कौलं या समतोलावर टिकून आहेत.

"मॅडम, मग पुस्तकात प्रत्येक गणिताखाली 'हवेचा रोध दुर्लक्षित करा' असं का असतं?" मागच्या बाकावरची एक मुलगी विचारते.

दरवर्षी हा प्रश्न कुणीतरी विचारतं, आणि मला त्याचा आनंद होतो. गॅलिलिओला पडणाऱ्या वस्तूंचा नियम सापडला तो हवा मनातल्या मनात बाजूला काढल्यामुळे. ती मोठी झेप होती आणि तिचा मान राखायला हवा. पण बाजूला काढलेली हवा परत आणून ठेवायची असते, ते आपल्या शाळांत राहून जातं. मुलं बारा वर्षं हवा वगळतात आणि इंजिनिअरिंगला येतात तेव्हा त्यांच्या लेखी हवा नसतेच.

सकाळी ११

प्रयोगशाळा. आमचा वातबोगदा लहान आहे, पण एक प्रयोग त्यात उत्तम होतो आणि मी तो कधीच चुकवू देत नाही. गुळगुळीत गोळा दांडीवर बसवायचा, पंखा वाढवत न्यायचा आणि रोध मोजायचा. मग त्याच गोळ्याच्या पुढच्या अंगाला बारीक तारेचं कडं चिकटवायचं आणि पुन्हा मोजायचं. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगते. सगळे लिहितात, रोध वाढेल. गोळा खडबडीत केला ना! आणि ठरावीक वेगाला काट्यावर रोध निम्म्याच्या आसपास उतरतो.

पॅरिसला गुस्ताव्ह आयफेल यांना १९१२ साली गोळ्यांचा रोध एका वेगानंतर अचानक पडताना दिसला होता. तारेचं कडं लावून त्याचं कारण दाखवलं ते १९१४ साली ग्योटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांनी. कारण त्यांच्याच १९०४च्या सिद्धांतात होतं. वस्तूला लागून हवेचा एक पातळ सीमास्तर असतो. तो शांत असला तर गोळ्याच्या कडेला आल्यावर दमून सुटतो आणि मागे रुंद, कमी दाबाचा पट्टा राहतो. तो पट्टाच गोळ्याला मागे ओढतो. तारेने सीमास्तर खवळला की बाहेरच्या वेगवान हवेतून त्याला जोर मिळतो, तो पृष्ठभाग जास्त वेळ धरून ठेवतो, मागचा पट्टा अरुंद होतो आणि ओढ घटते. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हेच काम करतात.

इथे मी मुलांना एक नाव सांगते. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या, गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे, जन्म १९०८. ते ग्योटिंगेनला गेले आणि १९३६ साली खुद्द प्रांटल यांच्याकडे पीएच.डी. झाले. पुढे बंगळूरला आले, भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे होती, आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचलं. ऑगस्ट १९५१मध्ये ते उडालं. स्वतंत्र भारतात आपल्या माणसांनी रचलेलं ते पहिलं विमान. हसूरचंपू माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर, तरी शाळेत असताना हे नाव आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या किती शाळांत आज ते सांगितलं जातं?

कन्नड मुलांसाठी दुसरं नाव आहे: रोद्दम नरसिंह. याच बसवनगुडीतल्या आचार्य पाठशाळेत ते शिकले आणि शांत प्रवाह खवळतो कसा, या प्रश्नावर जगातल्या पहिल्या फळीत गेले. २०२०च्या डिसेंबरात ते बंगळुरातच वारले. प्रवाहशास्त्राच्या अभ्यासात हा परिसर कुठल्याही शहराच्या मागे नाही, हे मुलांना ठाऊक असायला हवं.

दुपारी २.३०

प्रयोगशाळेसाठी वजनाचे सेन्सर हवेत. ते एसपी रोडला मिळतात, म्हणून नॅशनल कॉलेज स्टेशनवरून मेट्रो. हे स्टेशन उंचावर आहे. तिथून गाडी खाली उतरत जमिनीच्या पोटात शिरते आणि के. आर. मार्केटला थांबते. परतताना तिथल्या फलाटावर उभं राहिलं की गाडीचे दिवे दिसायच्या आधी तोंडावर वारा येतो. बोगद्यात हवेला बाजूने निसटायला जागा अपुरी, म्हणून गाडी तिला पुढे रेटत आणते. उघड्यावर धावणाऱ्या गाडीपेक्षा बोगद्यातल्या गाडीला रोध जास्त, तो यामुळेच.

दुपारी ४.४५

नॅशनल कॉलेजच्या मैदानावर जाळ्यांत सराव चालू असतो. आमच्या दोन विद्यार्थिनी इथे गोलंदाजी करतात, म्हणून मी थोडा वेळ थांबते.

क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास, व्यास सव्वासात सेंटिमीटर. बंगळूरच्या हवेत हिशोब मांडला तर ताशी साधारण १४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चेंडूवर हवेचा रोध चेंडूच्या वजनाइतकाच येतो. म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटला त्या क्षणी पृथ्वी त्याला जेवढ्या जोराने खाली ओढते, तेवढ्याच जोराने हवा त्याला मागे ढकलते. दुर्लक्षित करण्याजोगी गोष्ट आहे ही? खेळपट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर, टप्प्याचा हिशोब सोडला तरी, वेगातला दहावा हिस्सा हवेने घेतलेला असतो.

आणि सकाळची तार इथे शिवणीच्या रूपात भेटते. नव्या चेंडूची शिवण थोडी तिरकी धरली की एका बाजूचा सीमास्तर शिवणीवर अडखळून खवळतो आणि चेंडूला उशिरापर्यंत चिकटून राहतो. दुसऱ्या, चकचकीत बाजूचा लवकर सुटतो. मागचा पट्टा एका अंगाला वळतो, चेंडू दुसऱ्या अंगाला. हाच स्विंग. मुली चेंडू पँटवर घासत असतात तेव्हा त्या एका अर्ध्याचा सीमास्तर शांत ठेवत असतात, आणि हे सांगितल्यावर त्यातली एक आता शिवणीचा कोन मोजायला लागली आहे.

अनिल कुंबळे याच नॅशनलच्या शाळेत आणि कॉलेजात शिकले, पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाले. त्यांचा चेंडू फारसा वळायचा नाही, पण पुढच्या दिशेने फिरत यायचा. तशा फिरकीने हवा चेंडूला खाली दाबते. तो फलंदाजाच्या अपेक्षेआधी टप्पा खातो आणि उसळतो. उलट हे शहर फटका मारणाऱ्याला थोडी मदत करतं. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच, त्यामुळे सारख्याच तापमानाला इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ. वानखेडेवर सीमारेषेच्या आत झेलला जाणारा चेंडू चिन्नस्वामीवर कधीकधी दोऱ्यावरून जातो.

संध्याकाळी ७

जत्रा. दोड्ड गणपती आणि नंदीच्या देवळापासून रस्ताभर शेंगांच्या राशी. पिकाची नासाडी करणाऱ्या बैलाला शांत करण्यासाठी शेतकऱ्यांनी पहिल्या शेंगा वाहायला सुरुवात केली, अशी इथली कथा. कर्नाटक, तमिळनाडू, आंध्रातून विक्रेते येतात. एक बाई भाजलेले दाणे सुपात चोळून पाखडत असते: दाणे सुपातच, टरफलं वाऱ्यावर. गडहिंग्लजला सुगीत माझी आई खळ्यावर तिवईवर उभी राहून उफणायची. वारा कुठून येतो ते बघून ती पाटी किती तिरकी करायची हे ठरवायची, आणि वारा पडला की थांबायची. वजन कमी आणि पसारा मोठा असेल ते लांब जातं, जड आणि आटोपशीर असेल ते पायाशी पडतं: आईने रोधाचा हा नियम पोटासाठी रोज वापरला. ती शाळेत फार शिकली नव्हती, पण तिने हवा कधी वगळली नाही.

रात्री ९.३०

सत्र परीक्षेचे प्रश्न काढायला बसते. एका प्रश्नाखाली सवयीची ओळ यायची जागा येते. तिथे मी लिहिते: रोध किती आहे ते आधी काढा, वजनाच्या शंभराव्या हिश्शाहून कमी असेल तरच सोडा, आणि सोडलात तर तसं लिहा.

शाळांत विज्ञान शिकवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. त्यासाठी वातबोगदा लागत नाही. बेकरीत कपकेकसाठी मिळतात त्या पातळ कागदी वाट्या आणा. एक वाटी दीड मीटरवरून सोडा, आणि त्याच वेळी एकात एक घातलेल्या चार वाट्या तीन मीटरवरून, जिन्यावर उभं राहून. वजन चौपट झालं की पडण्याचा वेग दुप्पट होतो, म्हणून दोन्ही जवळजवळ एकदम टेकतात. हवा नसती तर वरच्या चार वाट्या स्पष्ट मागे राहिल्या असत्या. आठवीच्या मुलांना हे एका तासात करता येतं. या वर्षी करून घ्या.