बाटलीवरचा इशारा कोणाचा?

पेर्नो रिकार्ड या फ्रेंच मद्यकंपनीने नागपूरजवळच्या बुटीबोरीत मोठी माल्ट डिस्टिलरी उभारण्याचे 2024 मध्ये जाहीर केले. मद्यउद्योग नागपूरचा शेजारी होत असताना त्याच्याविषयीच्या काही समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

‘मद्यपान करून वाहन चालवू नका’ हे कंपन्या बाटलीवर स्वखुशीने छापतात.

नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाने 1 एप्रिल 2019 पासून हा इशारा सक्तीचा आहे. कंपनीच्या नावाच्याच लेबलवर तो असतो, म्हणून कंपनीच बोलते आहे असे वाटते.

अपघात झाले तरी कंपन्यांना काही देणेघेणे नसते.

हेही खरे नाही. दियाजिओ या मद्यकंपनीने 2014 मध्ये भारतात ‘रोड टू सेफ्टी’ मोहीम सुरू केली, वाहतूक पोलिसांच्या प्रशिक्षणाला मदत केली. अपघाताने दारूचेही नाव खराब होते. प्रश्न आस्थेचा नाही, कोणता उपाय निवडला जातो याचा आहे.

कंपन्या एवढा खर्च करतात, तेव्हा अपघात कमी होतच असणार.

फलक दिसतात, शपथा ऐकू येतात, त्यामुळे ही समजूत सहज पटते. पण जगभरातल्या मद्यउद्योगाने स्वतः मांडलेले असे 266 उपक्रम संशोधकांनी तपासले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात परिणामकारकतेचा पुरावा असलेल्या उपायांशी जुळणारे उपक्रम एक टक्काही निघाले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सुचवलेले उपाय वेगळे आहेत: मद्याची उपलब्धता मर्यादित ठेवणे, कर वाढवणे, जाहिराती रोखणे, चालकांची कडक तपासणी. यांतले पहिले तीन थेट खपावर येतात. पोस्टरने खप घटत नाही. कंपन्यांना पोस्टर का आवडते, ते इथे कळते. त्यात सगळी जबाबदारी पिणाऱ्यावर जाते आणि विकणारा उपदेशक ठरतो.

‘जबाबदारीने प्या’ म्हणजे एखादा पेग चालतो.

या घोषणेत आकडा नसतो, म्हणून प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा धरतो. कायद्यात तो आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. भारतीय व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असते; 60 मिलिलिटरच्या एका पेगमधून सुमारे 20 ग्रॅम पोटात जाते. साठ किलोच्या माणसाने तो रिकाम्या पोटी घेतला, तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लिंबूपाणी किंवा कॉफीने रक्तातले अल्कोहोल उतरत नाही, त्याला वेळच लागतो. प्यायचे ठरले असेल, तर गाडीची किल्ली घरीच ठेवावी.